जेद्दाच्या स्टेडियममधली माझी जागा

जेद्दाला फुटबॉलची मॅच बघायला जाणार असाल तर सगळ्यात आधी बूट बघून घ्या. तिकीट, झेंडा, टोपी हे सगळं नंतर. गाडी तुम्हाला जिथं सोडते तिथून तुमच्या खुर्चीपर्यंत जे चालणं आहे, ते चपलेनं होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे घरून खायचं काही नेऊ नका. मी नेलं होतं, त्याचं काय झालं ते पुढं सांगते. आणि तिसरी, अरबी येत नसेल तरी बिचकू नका. मला भाजीबाजारापुरती येते, तेवढ्यावर भागलं.

मी मूळची कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली, लग्न होऊन शिवाजी पेठेत आलेली. फुटबॉलच्या बाबतीत या दोन पेठांचं एकमेकींशी कसं आहे हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. इतरांनी एवढंच समजावं की मॅचच्या दिवशी माझ्या माहेरी आणि सासरी एकाच वेळी आनंद कधी झाला नाही. माझे यजमान वसंतराव जेद्दा बंदरावर क्रेनच्या देखभालीचं काम बघायचे. नव्वदच्या दशकात आम्ही तिथं शराफिया नावाच्या भागात एका लहान फ्लॅटमध्ये राहत होतो. मुलगा अमेय तिथलाच म्हणायचा, बोलायला तिथं शिकला.

त्या काळी सुट्टीच्या संध्याकाळी वसंतराव बंदरावरच्या मित्रांबरोबर मॅचला जायचे. बायकांना स्टेडियममध्ये प्रवेश नव्हता. मी घरात रेडिओ लावून बसायची. समालोचन अरबीतलं, कळायचं फार थोडं, पण आवाज चढला की कुणीतरी गोलजवळ पोचलंय हे समजायला भाषा लागत नाही. जेद्दात मोठे संघ दोन, एक हिरवा आणि एक पिवळा-काळा. वसंतराव हिरव्या संघाचे, कारण त्यांचा मुकादम हिरव्यांचा. म्हणून मी पिवळ्या-काळ्यांची झाले. ते परत आले की सतरंजीवर लिंबं मांडून सगळी मॅच मला दाखवायचे, आणि पिवळ्यांनी मारलेला गोल नेमका घाईत उरकायचे.

अमेय आठवीत जायच्या वेळी आम्ही कोल्हापूरला परतलो. मी प्राथमिक शाळेत नोकरी धरली आणि तिथूनच निवृत्त झाले. मधल्या काळात सौदीत नियम बदलला, बायका स्टेडियममध्ये जाऊ लागल्या. ही बातमी मी पेपरात वाचली त्या दिवशी वर्गात माझं लक्ष नव्हतं. पुढं अमेयला जेद्दातच एका हॉस्पिटलमध्ये यंत्रांच्या दुरुस्तीची नोकरी लागली आणि त्यानं आम्हाला व्हिजिट व्हिसावर बोलावलं. आई, काय काय बघायचंय, असं त्यानं फोनवर विचारलं. मी म्हटलं, समुद्र बघितलाय, सोन्याचा बाजार बघितलाय. मला हिरवे विरुद्ध पिवळे ही मॅच बघायची आहे, स्टेडियममध्ये बसून.

कॉर्निशवरची तालीम

त्या मॅचची तिकिटं फोनवरच्या अॅपवर निघतात आणि निघाल्या निघाल्या संपतात. परक्या माणसानं पासपोर्ट हाताशी ठेवूनच बसावं, नाव-नंबर भरताना वेळ जातो. अमेयनं दोन्ही हातात दोन फोन धरून आमच्या तिघांची तिकिटं मिळवली, कुटुंबांसाठी असलेल्या भागातली, वरच्या मजल्यावरची.

वरचा मजला म्हटल्यावर वसंतरावांचा चेहरा पडला. त्यांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि दुसरा ऑपरेशनची वाट बघतोय. घरात एवढा मोठा टीव्ही आहे, तिथं कसं जवळून दिसतं, असं त्यांनी सुरू केलं. मी सांगितलं की टीव्ही कोल्हापुरातही आहे.

मग मी त्यांना रोज संध्याकाळी कॉर्निशवर चालायला न्यायला सुरुवात केली. जेद्दाची ती समुद्राकाठची वाट पूर्वीपेक्षा फार देखणी झाली आहे. आमच्या वेळी नुसते दगड होते आणि मासे धरणारी माणसं. आता बाकं आहेत, झाडं आहेत, सायकलींची वेगळी वाट आहे. पूर्वी मी पायघोळ काळा अबाया घातल्याशिवाय दाराबाहेर पडत नसे, आता पंजाबी ड्रेस आणि ओढणी घेऊन फिरले तर कुणी मान वळवून बघत नव्हतं. मला मात्र पहिले काही दिवस काहीतरी घरी विसरल्यासारखं वाटायचं.

वाटेच्या शेवटी एक बलीलावाला उभा असायचा. बलीला म्हणजे उकडलेले छोले, त्यात व्हिनेगर, जिरं, लोणच्याचे तुकडे आणि तिखट. आपल्या भेळेसारखीच ही समुद्राकाठी उभ्यानं खायची गोष्ट. शेवटच्या बाकापर्यंत चालल्याशिवाय बलीला नाही, असा मी नियम केला. वसंतराव पुटपुटत चालायचे, पण चालायचे. जायच्या आधल्या संध्याकाळी ते मधे न बसता बलीलावाल्यापर्यंत पोचले, तेव्हा मला मॅच निम्मी जिंकल्यासारखं वाटलं.

मदिना रोड आणि पुढं

मॅचच्या दिवशी दुपारी अमेयला हॉस्पिटलमधून फोन आला. अतिदक्षता विभागातली दोन यंत्रं एकदम बंद पडली होती. जाण्यावाचून इलाज नव्हता. त्यानं आमची तिकिटं माझ्या फोनवर पाठवली आणि दारात उभं राहून म्हणाला की आता तुम्ही दोघं एकटे कशाला जाताय, घरी बघा, पुढच्या वर्षी मी पुन्हा बोलावतो.

पुढच्या वेळी, पुढच्या वर्षी हे शब्द मी या गावात फार ऐकलेत. मी त्याला आम्हाला टॅक्सीत बसवून द्यायला सांगितलं. बापाच्या गुडघ्याची काळजी माझ्यावर सोड, म्हटलं.

आमच्या काळातलं स्टेडियम गावात होतं. नवं स्टेडियम गावाच्या उत्तरेला, विमानतळाच्या पलीकडं, मोकळ्या वाळवंटात आहे. मदिना रोडवरून जाताना ते लांबूनच दिसतं. जुन्या जेद्दातल्या घरांना लाकडी जाळीच्या खिडक्या असतात, तशी पांढरी जाळी साऱ्या इमारतीवर पांघरलेली, आणि सूर्य मावळताना त्या जाळीतून तांबूस उजेड आरपार येतो. मी टॅक्सीत पुढं वाकून बघत राहिले. वसंतराव म्हणाले, "विमानतळच वाटतंय की हे. खेळायचं कुठं ह्यात?"

टॅक्सीवाल्याला आमच्या गेटचा रस्ता बंद मिळाला. त्यानं आम्हाला जिथं गाड्या थांबत होत्या तिथं सोडलं आणि हातानं एक मोठं अर्धं वर्तुळ काढून दाखवलं. म्हणजे आम्हाला अर्ध्या स्टेडियमला वळसा घालायचा होता. आजूबाजूनं पोरं गाणी म्हणत, झेंडे फडकवत पुढं जात होती. उकाडा नव्हता, पण वाळूचे बारीक कण तोंडावर येत होते. कॉर्निशची सगळी बाकं एकापुढं एक मांडली तरी एवढं अंतर झालं नसतं. निम्म्यात वसंतरावांचा गुडघा अडला. ते फूटपाथच्या कडेला बसले आणि पाय लांब करून दाबू लागले.

चेहऱ्यावरून कळत होतं की ही सबब नव्हती. घाम फुटला होता त्यांना. थोड्या वेळानं माझ्याकडं न बघता म्हणाले, "शालन, तू जा. मी बसतो हितं. मॅच सुटली की ये."

इतकी वर्षं ते आत आणि मी बाहेर असं झालं होतं. आता उलटं करायची संधी होती आणि ती ते मनापासून देत होते, हे मला दिसलं. पण मला ती नको होती.

"तुम्हाला बाहेर ठेवून आत जायचं असतं," मी म्हटलं, "तर कॉर्निशवर रोज तुमच्याशी भांडले असते का? बसा. हलू नका."

जरा पुढं पिवळं जाकीट घातलेला एक पहारेकरी उभा होता. त्याच्याशी काय बोलायचं याची मी चालता चालता जुळवाजुळव केली. गुडघ्याला रुकबा म्हणतात हे मला ठाऊक होतं. दुखणं, सांधा, ऑपरेशन यांतलं काही येत नव्हतं. बंद पडलेल्या वस्तूला खरबान म्हणतात, हा शब्द मात्र पक्का होता, कारण शराफियातला आमचा एसी वर्षातून चार महिने खरबान असायचा. मी वसंतरावांकडं बोट केलं आणि सांगितलं, माझा नवरा, रुकबा खरबान.

त्यानं एकदा वसंतरावांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि हसू दाबत विचारलं की फक्त रुकबा ना, बाकी सगळं चालू आहे ना. मी म्हटलं, बाकी चालू आहे, जीभ तर फारच. मग त्यानं वॉकी-टॉकीवर कुणाला तरी सांगितलं आणि थोड्याच वेळात एक छोटी विजेवरची गाडी आली. म्हाताऱ्या माणसांसाठी, अपंगांसाठी अशा गाड्या तिथं असतात. मागितल्याशिवाय मिळत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते. पहारेकऱ्यानं वसंतरावांना हात देऊन बसवलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, यल्ला, म्हणजे चला.

गेटवर बायकांची तपासणी वेगळ्या खोलीत बायकाच करतात. माझ्या पिशवीतून चिवड्याचा डबा निघाला. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, टाकावं लागेल, असं त्या मुलीनं अगदी सौजन्यानं सांगितलं. पातळ पोह्यांचा चिवडा, मी सकाळी केलेला. तो कचऱ्याच्या डब्यात टाकायला माझा हात होईना. आत न्यायचा नाही ना, मग इथंच संपवते, असं मी तिला खुणेनं सांगितलं. पलीकडून वसंतराव आल्यावर आम्ही दोघांनी भिंतीशी उभं राहून बकाबका चिवडा खाल्ला. त्या मुलीला मूठभर दिला. तिनं आधी नको म्हटलं, मग इकडंतिकडं बघून खाल्ला, आणि त्यातला कढीपत्ता बाजूला काढून हे काय म्हणून मला दाखवला. रिकामा डबा तिनं आत नेऊ दिला.

वरचा मजला

लिफ्ट आहे, हेही लिहून ठेवते. लिफ्टमधून बाहेर पडून एका बोळातून गेलं की अचानक समोर सगळं उघडतं.

मी गवत बघितलं. टीव्हीवर इतक्या वेळा बघितलेलं गवत, पण ते इतकं हिरवं आणि इतकं सपाट असतं हे मला माहीत नव्हतं. दिव्यांच्या उजेडात प्रत्येक खेळाडूची सावली चारी बाजूंना पडत होती. मी कठडा धरून तशीच उभी राहिले. मागचे लोक थांबले होते, कुणी ढकललं नाही. वसंतरावांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि खुर्ची शोधायला पुढं गेले.

आमच्या शेजारी एक थोराड बाई बसल्या होत्या. काळा अबाया, त्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा मफलर, हातात तसबीह, म्हणजे जपाची माळ. बरोबर त्यांची मुलगी नूरा, दातांची डॉक्टर, छान इंग्रजी बोलणारी. बाईंना सगळे उम्म फहद म्हणत, म्हणजे फहदची आई. माझ्या मुलाचं नाव विचारल्यावर मी त्यांच्यासाठी उम्म अमेय झाले. वसंतरावांच्या गळ्यातला हिरवा रुमाल बघून त्यांनी मला विचारलं की हा माणूस तुझाच का. मी हो म्हटल्यावर त्यांनी सहानुभूतीनं माझ्या हातावर थोपटलं आणि भाजलेल्या बियांची पुडी पुढं केली. तिथं मॅच बघताना या खारट बिया दातानं फोडत बसतात. माझं सोलून होईपर्यंत त्यांच्या चार खाऊन झालेल्या असत.

कोल्हापूरच्या मॅचला जो गलका असतो तो सगळ्या बाजूंनी, ज्याला जसं सुचेल तसा. इथं गोलच्या मागं एक माणूस माइक घेऊन उभा होता, मैदानाकडं पाठ करून. सगळी मॅच त्यानं पाठमोरीच काढली. तो हात वर करी आणि हजारो माणसं एका तालात गात. खेळ सुरू व्हायच्या आधी त्या बाजूनं प्रचंड मोठं कापड डोक्यांवरून सरकत आलं आणि त्यावर वाघाचं तोंड उमटलं, पिवळ्यांची ती खूण. उम्म फहद उभ्या राहिल्या, म्हणून मीही उभी राहिले.

पहिला गोल हिरव्यांनी केला. आमचा भाग सगळा पिवळ्यांचा, तिथं एकदम शांतता, आणि त्या शांततेत वसंतरावांच्या टाळ्या. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली. मग त्यांतल्याच एकानं पांढऱ्या केसांच्या या परदेशी माणसाला लांबूनच सलाम केला आणि सगळे हसले. शिवाजी पेठेत बसून मंगळवार पेठेच्या गोलाला टाळ्या वाजवल्या असत्या तर सलाम मिळाला नसता, हे वसंतरावांनाही पटलं.

मध्यंतर

मध्यंतरात बरेचजण नमाजाला गेले, बरेचजण खायच्या रांगेत. उम्म फहद नमाज पढून आल्या आणि स्टॉलवरून आणलेला चहा आम्हाला दिला. त्यांच्या वडिलांची आणि भावांची गोष्ट त्यांनी मला सांगितली, नूरा मधे मधे इंग्रजीत समजावत होती. घरातले सगळे पुरुष याच संघाचे. मॅचच्या दिवशी त्यांचे कपडे इस्त्री करायचे, गाडीत पाणी ठेवायचं, आणि ते गेल्यावर टीव्हीसमोर बसायचं. परवानगी आली त्या पहिल्या दिवशी थोरला भाऊ म्हणाला की ही तुझी जागा नाही, तुला सहन होणार नाही. उम्म फहद त्याच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. नूराला घेऊन निघाल्या. त्या दिवसापासून घरच्या मैदानावरची एकही मॅच त्यांनी चुकवली नाही. भाऊ आता गुडघ्यांमुळं येत नाही, घरी बसून त्यांना फोनवर विचारतो.

मग त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं की हिंदमध्ये बायकांना बंदी होती का.

मी म्हटलं, नाही. कधीच नव्हती.

आमच्या गावात फुटबॉल आहे, स्टेडियम आहे, माझ्या माहेरच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, हे मी आधीच अभिमानानं सांगून बसले होते. उम्म फहदनी मान डोलावली आणि अगदी साधेपणानं विचारलं, "मकानिक वेन?"

तुझी जागा कुठं असते तिथं. नूरानं भाषांतर करायला तोंड उघडलं, पण मला कळलं होतं. भाजीबाजारातलीच अरबी होती ती.

लहानपणी मी शेजारच्या घराच्या गच्चीवरून मॅचेस बघितल्या. मोठी झाल्यावर आईनं गच्चीवरून खाली बोलावलं, एवढंच. पुढं कुणी मला जाऊ नको म्हटलं नाही, आणि चल असंही कुणी म्हटलं नाही. आमच्याकडं मॅचला बायका अगदी थोड्या दिसतात. तेव्हा आम्ही जेद्दाहून परतल्यावरही वसंतराव दर मोसमात मॅचला जात राहिले, आणि मी त्यांच्या पिशवीत टोपी आणि पाण्याची बाटली भरत राहिले. ज्या देशात दारावर कुलूप होतं तिथलं कुलूप निघाल्याबरोबर मी धावत आले होते. माझ्या गावचं दार उघडंच होतं आणि मी तिकडं कधी बघितलंच नव्हतं.

मी उम्म फहदना सांगितलं, मकान माफी. जागा नाही. त्यांना वाटलं मला तिकीट मिळत नसावं. वसंतरावांना मात्र नेमकं समजलं. ते हातातला चहाचा कप फिरवत राहिले.

दुसरं सत्र

पिवळ्यांनी बरोबरी केली तेव्हा उम्म फहदनी मला इतकं घट्ट आवळलं की माझा चष्मा खाली पडला. नूरानं तो दोन रांगा खालून शोधून आणला. माइकवाला माणूस तेवढ्यापुरता वळला आणि मैदानाकडं बघून परत पाठमोरा झाला. मी घसा बसेपर्यंत ओरडले. शिक्षिका असताना मी आवाज कधी चढवला नव्हता, इथं तो कुठून आला मला ठाऊक नाही.

मॅच संपत आली असताना हिरव्यांना कॉर्नर मिळाला. चेंडू वर आला, गोलरक्षकानं तो मुठीनं बाहेर काढला, आणि बाहेर उभ्या असलेल्या एकानं तो सरळ आत मारला. सगळं इतक्या साधेपणानं झालं की मला आधी कळलंच नाही. वसंतरावांचे हात वर गेले होते. त्यांनी ते खाली घेतले आणि मांडीवर ठेवले.

"वाजवा की," मी म्हटलं. "तुमचा गोल झालाय."

"नको," ते म्हणाले. "तुझी पहिलीच मॅच आहे."

माणसं उठून जायला लागली. वसंतरावांचीही सवय अशीच, गर्दीच्या आधी बाहेर पडायची. त्या दिवशी ते उठले नाहीत. उम्म फहदही बसून होत्या, माळ फिरवत. शिट्टी झाल्यावर त्यांनी बियांची सालं रुमालात गोळा केली, खलास म्हणाल्या, आणि माझ्या दोन्ही गालांना गाल लावून निरोप घेऊन गेल्या. अमेय गेटवर गाडी घेऊन आला होता. यंत्रं दुरुस्त झाली होती. गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं की आई, कशी झाली मॅच, आणि आम्ही दोघं एकदम बोलायला लागलो.

कोल्हापूर

परत आल्यावर आमच्याकडचा मोसम सुरू झाला. पहिल्या मोठ्या मॅचच्या दिवशी वसंतराव पिशवी घेऊन निघाले तेव्हा मी बूट घालून दारात उभी होते. ते म्हणाले की उन्हात बसावं लागतं, पायऱ्या उघड्या आहेत, आणि लोक शिव्या देतात. मी विचारलं, जेद्दात काय आरती चालली होती का? त्यावर ते माझ्यासाठी आणखी एक पाण्याची बाटली भरायला आत गेले.

पायऱ्यांवर माणसं दाटीनं बसलेली. मला बघून ती जरा थबकली, मग सरकली. वसंतरावांचे एक जुने मित्र म्हणाले, "वहिनी, हितं लई ऊन लागंल. तिकडं मागं सावलीत बसा की."

मागून गोल दिसत नव्हता. मी म्हटलं, ऊन लागू दे.

मंगळवार पेठेनं पहिल्या सत्रातच गोल केला आणि मी शिवाजी पेठेच्या घोळक्यात बसून टाळ्या वाजवल्या. सलाम कुणी केला नाही. दोघांनी वळून बघितलं, एकानं वसंतरावांना घरी जाऊन काय ते बघून घ्यायला सांगितलं. वसंतराव म्हणाले की घरी माझं काही चालत नाही, इथं तरी चालेल असं कसं समजता.

मध्यंतरात माझं लक्ष खाली गेलं. प्रवेशाच्या दाराशी एक बाई उभी होती, माझ्याहून बरीच लहान, हातात नवऱ्याचं स्कूटरचं हेल्मेट. तो आत येऊन मित्रांत बसला असावा. ती टाचा उंच करून मैदानाकडं बघत होती.

मी उठून उभी राहिले आणि हात वर करून हाका मारू लागले. आधी तिला कळेना की मी कुणाला बोलावते आहे. तिनं मागं वळून बघितलं, मग स्वतःकडं बोट केलं. मी मान हलवली आणि वसंतरावांना सांगितलं, जरा तिकडं सरका.